विणकरांच्या गावाचा एक हंगाम

इंग्रजी अक्षरं मी शाळेत शिकण्याआधी मागावर शिकलो. इचलकरंजीत अब्बा ज्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला होते, तिथं दुपारी त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं असे. आत शिरलं की खडखडाटात कुणाचं बोलणं ऐकू येत नसे. सगळा कारभार हातवाऱ्यांवर चाले. अब्बा हात पुसून डबा उघडेपर्यंत मी मागाच्या बाजूला उभा राही. त्या जुन्या, ओतीव लोखंडी मागांच्या चौकटीवर उठावाची अक्षरं होती. तेलाचा आणि पिंजलेल्या सुताचा थर बोटानं पुसून मी ती गिरवत असे. पुढं पाचवीत गेल्यावर कळलं, की ती अक्षरं 'बर्नली, इंग्लंड' अशी होती. मी अब्बांना विचारलं, ''अब्बा, बर्नली म्हणजे काय?'' ते म्हणाले, ''माग बनवणाऱ्या साहेबाचं नाव असंल.''

ते साहेबाचं नाव नव्हतं, गावाचं होतं. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं ते गाव. त्याच्या शेजारी तीन-चार मैलांवर नेल्सन नावाचं आणखी एक विणकरांचं गाव आहे. आज मला त्या नेल्सनची आणि तिथल्या फुटबॉल संघाच्या एका हंगामाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. शंभर वर्षांपूर्वीची, परमुलखातली आणि तीही खालच्या दर्जाच्या लीगमधली गोष्ट कशाला, असं तुम्ही म्हणाल. माझं म्हणणं एवढंच, की शेवटपर्यंत ऐका. त्यात आपलंही सूत गुंतलेलं आहे.

फुटबॉलचं वेड मला अब्बांनीच लावलं. मोठा सामना असला की ते मला सायकलवर बसवून एस.टी. स्टँडवर न्यायचे आणि तिथून आम्ही कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जायचो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावं मी पाढ्यांसारखी पाठ केली होती. तालमींचे संघ, पेठांचे संघ. पैलवानांच्या आखाड्यांतून फुटबॉलचे संघ उभे राहावेत, हे कोल्हापुरातच घडू शकतं. मला तिथं एक गोष्ट फार लवकर समजली. संघ हरला की अकरा माणसं हरत नाहीत, एक अख्खी पेठ हरते. दुसऱ्या दिवशी त्या पेठेतल्या चहाच्या गाड्यावरसुद्धा आवाज खाली आलेला असतो.

नेल्सनपर्यंत मी पोचलो तो मात्र क्रिकेटच्या वाटेनं. वेस्ट इंडीजचे विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांचं 'बियाँड अ बाउंडरी' हे १९६३ मधलं पुस्तक वाचताना त्यात नेल्सन भेटलं. थोर क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन याच गावच्या क्लबकडून खेळत असे आणि जेम्स १९३२ मध्ये त्याच्याकडंच राहायला आले होते. त्या गावाविषयी आणखी शोधताना लक्षात आलं, की सीडहिल नावाच्या भागात दोन मैदानं एकमेकांना लागून होती. एक क्रिकेटचं, एक फुटबॉलचं. क्रिकेटच्या मैदानाची कीर्ती जगभर गेली. फुटबॉलच्या मैदानाची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही.

नेल्सन हे गाव तसं अलीकडचं. जुनी वस्ती मार्सडेन नावाची. तिथं लॉर्ड नेल्सन या दर्यासारंगाच्या नावाची एक खानावळवजा सराई होती. १८४९ मध्ये रेल्वे आली, स्टेशनला त्या सराईचं नाव मिळालं आणि स्टेशनचं नाव पुढं गावाला चिकटलं. मग गिरण्या आल्या. सूतकताई दक्षिण लँकेशायरमध्ये जास्त, तर उत्तरेकडच्या या पट्ट्यात विणाई जास्त. १९२० च्या सुमारास गावची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती आणि बहुतेकांचं पोट मागावर होतं. पुरुषांच्या बरोबरीनं बायका माग चालवत. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सेलिना कूपर याच गावात राहिल्या, वाढत्या वयातही सभा गाजवत राहिल्या. कामगार संघटना इतकी कडवी, की गावाला लोक 'छोटं मॉस्को' म्हणत.

अशा गावांत फुटबॉल का रुजला, याचं उत्तर कायद्यात आहे. १८५० च्या कारखाना कायद्यानं कापड गिरण्यांतल्या बायका-मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं. बायका-मुलं गेली की गिरणी चालायची कशी? मग पुरुषांनाही सुट्टी मिळाली. म्हणजे हातात आठवड्याचा पगार आणि पुढं अर्धा दिवस मोकळा. इंग्लंडमध्ये फुटबॉलचा सामना शनिवारी दुपारी तीनला सुरू व्हायचा, ही रीत गिरणीच्या भोंग्यानं घालून दिलेली आहे. नेल्सनचा फुटबॉल क्लब १८८१ मध्ये निघाला, तो याच वाऱ्यावर.

इंग्लंडच्या फुटबॉल लीगचे तेव्हा दोन विभाग होते, पहिला आणि दुसरा. १९२० मध्ये दक्षिणेकडच्या क्लबांना घेऊन तिसरा विभाग सुरू झाला. उत्तरेनं कुरकुर केली, म्हणून १९२१ मध्ये 'तिसरा विभाग, उत्तर' अशी वेगळी लीग निघाली. छोट्या क्लबांना देशभर रेल्वेनं फिरण्याचा खर्च परवडणार नाही, म्हणून ही प्रादेशिक वाटणी. त्या लीगमधल्या संघांची यादी म्हणजे उत्तर इंग्लंडच्या उद्योगांची यादीच आहे. अ‍ॅशिंग्टन कोळशाच्या खाणीचं, बॅरो जहाजबांधणीचं, ग्रिम्सबी मासेमारीचं, क्रू रेल्वेच्या कारखान्यांचं, रॉचडेल आणि स्टॅलीब्रिज कापसाचं, अ‍ॅक्रिंग्टन सूतकताईची यंत्रं बनवणारं. आणि विणकरांचं नेल्सन.

वेळ मात्र काही चांगली नव्हती. पहिलं महायुद्ध संपल्यावर कापडाच्या धंद्यात अचानक तेजी आली होती. गिरण्या भलत्या किमतीला विकल्या गेल्या होत्या. १९२० च्या अखेरीस ती तेजी फुटली. म्हणजे ही लीग जन्माला आली तीच मंदीत.

आता तिचे नियम ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट या नियमांवर चालते. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. वीस संघ, प्रत्येकाशी दोनदा सामना, एक घरी आणि एक परगावी. म्हणजे अडतीस सामने. वर दुसऱ्या विभागात फक्त पहिला संघ जाणार. दुसऱ्या क्रमांकाला काही नाही. आणि तळाच्या दोन संघांनी वार्षिक सभेत हात जोडून उभं राहायचं, पुन्हा निवडून यायचं. मतं मुख्यतः वरच्या दोन विभागांतल्या क्लबांची. थोडक्यात, वर जायचं तर खेळून जायचं आणि खाली राहायचं तर मोठ्यांच्या मर्जीवर राहायचं.

पहिल्या हंगामात, १९२१-२२ मध्ये, नेल्सन सोळावं आलं. स्टॉकपोर्ट काउंटी पहिलं आलं आणि वर गेलं. नेल्सनकडून कुणाची फार अपेक्षा नव्हती. शेजारचं बर्नली १९२०-२१ मध्ये देशाचं विजेतं ठरलेलं, सलग तीस सामने अपराजित राहिलेलं. चार मैलांवर असा संघ असताना नेल्सनचा खेळ बघायला यायचं कुणी?

मग आला १९२२-२३ चा हंगाम. खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही जबाबदाऱ्या डेव्हिड विल्सन या स्कॉटिश गड्याकडं होत्या. हा ओल्डहॅमकडून वर्षानुवर्षं खेळलेला, पिकलेला खेळाडू. गोल करण्याचं काम मुख्यतः जो एडलस्टनचं. बाकी संघात कुणी मोठं नाव नाही. हंगामाअखेरचा तक्ता मी पुन:पुन्हा वाचला आहे. नेल्सन : अडतीस सामने, २४ विजय, ३ बरोबरी, ११ पराभव, ६१ गोल केले, ४१ खाल्ले, गुण ५१. दुसऱ्या क्रमांकावर ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यू : १९ विजय, ९ बरोबरी, १० पराभव, ६७ गोल केले, ३८ खाल्ले, गुण ४७. तिसरं वॉल्सॉल, ४६ गुण.

हे आकडे जरा शेजारी ठेवून बघा. ब्रॅडफर्डनं गोल जास्त केले, खाल्ले कमी, पराभवही एकानं कमी. तरी नेल्सन चार गुणांनी पुढं. का? कारण नेल्सननं अडतीस सामन्यांत फक्त तीन बरोबरीत सोडवले. हा संघ एक तर जिंकायचा, नाही तर हरायचा. गोलांच्या राशी त्यांनी कधी घातल्या नाहीत, पण हवा तेव्हा एक गोल ते काढायचे. अब्बांसारख्या माणसाला हे पटलं असतं. ते म्हणायचे, ''कापड मोजताना वार बघतात, डिझाइन नंतर.''

सामान्य विणकर आठवडाभर मागापुढं उभा राहून काय मिळवत होता आणि शनिवारी काय घेऊन घरी जात होता, याचा हिशेब आकड्यांत मांडता येत नाही. पण वसंत ऋतूत जेव्हा नक्की झालं, की नेल्सन दुसऱ्या विभागात चाललं, तेव्हा त्या गावात काय झालं असेल, हे कोल्हापूरच्या पेठेत विजयी मिरवणूक पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. एका सराईचं नाव घेऊन जन्माला आलेलं हे गाव आता लीड्स आणि मँचेस्टर युनायटेडच्या रांगेत उभं राहणार होतं.

आणि आनंदाच्या भरात क्लबनं आणखी एक धाडस केलं. १९२३ मध्ये संघ स्पेनच्या दौऱ्यावर गेला. तिथं त्यांची गाठ पडली रेआल माद्रिदशी. आज ज्या क्लबच्या एका खेळाडूच्या किमतीत आपल्याकडं एखादं धरण बांधून होईल, तोच हा क्लब. त्या दिवशीचा निकाल : नेल्सन ४, रेआल माद्रिद २. माद्रिदला त्यांच्याच भूमीवर हरवणारा नेल्सन हा पहिला इंग्लिश संघ, असं सांगितलं जातं. मला तो निकाल वाचून हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

पुढच्या वर्षी काय झालं? १९२३-२४ च्या हंगामात दुसऱ्या विभागात बावीस संघ होते, नेल्सन एकविसावं आलं. मार्च १९२४ मध्ये त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला १-० असं हरवलं, पण तेवढ्यानं भागलं नाही. तळाचे दोन संघ खाली गेले, त्यात नेल्सन होतं. वरचा मुक्काम एका वर्षाचा. पुन्हा उत्तरेच्या तिसऱ्या विभागात आल्यावर १९२४-२५ मध्ये त्यांनी नेटानं खेळून दुसरा क्रमांक मिळवला. डार्लिंग्टन पहिलं आलं. आणि दुसऱ्या क्रमांकाला काही नव्हतं, हे मी मघाशीच सांगितलं.

इथून पुढं गोष्ट उताराला लागते आणि इथंच आपण तिच्यात येतो.

१९१३ मध्ये लँकेशायरहून हिंदुस्थानात सुमारे तीनशे कोटी वार कापड येत होतं. १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ते पन्नास कोटी वारांच्या आसपास आणि त्याखाली घसरलं. हे कुणा एकामुळं झालं नाही. महायुद्धाच्या काळात मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना मैदान मोकळं मिळालं. मग आयातीवर जकात वाढत गेली. देशी गिरण्यांच्या कापडावरचा जुना, अन्यायी अबकारी कर १९२६ मध्ये रद्द झाला. जपानचं स्वस्त कापड बाजारात उतरलं. आणि १९३० च्या चळवळीत परदेशी कापडावर बहिष्कार पडला, दुकानांपुढं निदर्शनं झाली. आपल्या लहानपणी आपण विलायती कापडाच्या होळीचे धडे वाचले. त्या होळीच्या उजेडात आपल्याला आपलीच माणसं दिसली आणि तेही बरोबरच होतं. ज्या राज्यानं इथल्या हातमागाचं कंबरडं मोडलं, त्याच्या कापडावर बहिष्कार टाकणं हा आपला हक्कच होता. मी स्वतः मागावरच्या घरातला आहे. हे मला कुणी वेगळं समजावायला नको.

पण इतिहासाशी प्रामाणिक राहायचं तर एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नेल्सनचं कापड मुख्यतः तलम, साटीनसारखं. आपल्याकडं येणारं धोतराचं आणि कोरं कापड जास्त करून ब्लॅकबर्न, बर्नली, डार्वेन या गावांचं. म्हणून नेल्सनला थेट मार शेजाऱ्यांपेक्षा उशिरा आणि कमी बसला. मात्र सगळा प्रदेशच बसला की त्यातलं एक गाव उभं कसं राहणार? परगावचे पाहुणे प्रेक्षक कमी झाले, शेजारच्या गावांतल्या लीगमित्रांची तिजोरी रिकामी झाली, गेटवरची रक्कम आटली. चांगला खेळाडू तयार झाला की तो विकून देणी भागवायची, हा तिथल्या छोट्या क्लबांचा शिरस्ता. खेळाडू विकला की संघ हरतो, हरला की लोक येत नाहीत, लोक आले नाहीत की पुन्हा खेळाडू विकायचा. आमच्याकडच्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाला हे चक्र सांगावं लागणार नाही. सूत व्यापाऱ्याचं, भाव व्यापाऱ्याचा, वीजबिल मात्र आपलं. एक माग विकून तो दुसरा चालवत राहतो.

१९३१ च्या सुरुवातीला बर्नली-नेल्सनच्या पट्ट्यात मोठा तंटा पेटला. एका विणकरानं चार माग सांभाळायचे, ही तिथली जुनी रीत. मालकांचं म्हणणं, आता आठ सांभाळा. कामगारांनी नकार दिला. मालकांनी गिरण्यांना टाळं ठोकलं आणि तो बंद साऱ्या विणाईच्या धंद्यात पसरला. शेवटी त्या फेरीत मालकांना माघार घ्यावी लागली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कारण अब्बा कामाला लागले तेव्हा चार माग बघायचे आणि थांबले तेव्हा आठ बघत होते. त्यांच्यासाठी कुणी टाळेबंदी सोसली नाही. एके दिवशी दिवाणजीनं येऊन सांगितलं आणि ते आठ मागांच्या मधे उभे राहिले. रात्री घरी येऊन पाय गरम पाण्यात बुडवून बसायचे. बोलायचे काही नाहीत.

त्याच १९३०-३१ च्या हंगामात नेल्सनचा फुटबॉल संघ तळाला गेला. बेचाळीस सामने, ६ विजय, ७ बरोबरी, २९ पराभव. ४३ गोल केले, ११३ खाल्ले. परगावचे एकवीसच्या एकवीस सामने ते हरले. आठ वर्षांपूर्वी माद्रिदला हरवणाऱ्या क्लबची ही दशा. १९३१ च्या उन्हाळ्यात लीगच्या वार्षिक सभेत त्यांना मतांसाठी उभं राहावं लागलं. समोर चेस्टर या ऐतिहासिक, भरल्या शहराचा क्लब अर्ज घेऊन उभा होता. चेस्टर आत आलं, नेल्सन बाहेर गेलं. ते पुन्हा कधीही लीगमध्ये परतलं नाही. अशी जाणारी पहिली गावंही ती नव्हेत. स्टॅलीब्रिजनं १९२३ मध्येच आपण होऊन लीग सोडली होती. १९२८ मध्ये डरहॅम सिटी, १९२९ मध्ये अ‍ॅशिंग्टन गेलं. नेल्सनपाठोपाठ ऑक्टोबर १९३१ मध्ये विगन बरोनं भर हंगामात हात टेकले. कोळसा, कापूस, कोळसा, कापूस, अशीच ती माळ आहे.

आणि तीनच महिन्यांनी, सप्टेंबर १९३१ च्या शेवटच्या आठवड्यात, गांधीजी लँकेशायरला गेले. गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला आले होते. बहिष्कारामुळं ज्यांची कामं गेली त्यांना प्रत्यक्ष भेटायचं, म्हणून ते डार्वेनजवळ राहिले. गिरणीतल्या बायकांनी त्यांना गराडा घातलेलं ते छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. पंचा नेसलेला कृश माणूस आणि भोवती हात उंचावून हसणाऱ्या विणकर बायका. गांधीजींनी त्यांचं दुःख ऐकलं आणि आपल्याकडची कोट्यवधींची बेकारी त्यांना समजावून सांगितली. बहिष्कार मागं घेतला नाही. खोटी आशाही दाखवली नाही.

त्या छायाचित्रापाशी मी नेहमी थांबतो. त्या बायकांच्या घरचे पुरुष कुठल्या ना कुठल्या संघाचे असणारच. त्यांच्या शनिवारचं काय झालं, हे आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. आमच्या मोमीन-कोष्ट्यांच्या अंगठ्यांच्या दंतकथा आहेत, पण इकडचा हातमाग बुडाला तेव्हा इथल्या घरांत काय झालं, हे त्यांच्याही पाठ्यपुस्तकात नाही. दोन्हीकडचा विणकर एकमेकांना न भेटताच एकमेकांच्या पोटावर पाय देत राहिला आणि सुताचा भाव तिसराच कुणी ठरवत राहिला.

गंमत बघा, फुटबॉलचं मैदान ओस पडत होतं तेव्हा त्याला लागून असलेलं क्रिकेटचं मैदान तुडुंब भरत होतं. १९२९ मध्ये नेल्सन क्रिकेट क्लबनं कॉन्स्टंटाइनला बोलावलं, हंगामाला पाचशे पौंड देऊन. त्या काळी फुटबॉलपटूला कितीही मोठा असला तरी हंगामात आठवड्याला आठ पौंडांपेक्षा जास्त देता येत नसे. कॉन्स्टंटाइननं नऊ हंगामांत सात वेळा लँकेशायर लीग जिंकून दिली. काळ्या माणसाला कधी न पाहिलेलं ते गाव पुढं त्याला आपला म्हणू लागलं. १९६९ मध्ये त्याला उमरावपद मिळालं, तेव्हा त्यानं त्यात मराव्हालबरोबर नेल्सनचंही नाव घातलं. त्याच्यानंतर आपले लाला अमरनाथही नेल्सनकडून खेळले. सांगलीत जन्मलेले विजय हजारे त्याच लीगमध्ये शेजारच्या रॉटनस्टॉलकडून खेळले. म्हणजे आपलं सूत तिकडं असंही गेलेलं आहे.

पुढं काय झालं, तेही सांगतो. साठच्या दशकात गिरण्या शेवटचे श्वास घेत होत्या. रात्रपाळीला गोरे कामगार मिळेनात. तेव्हा पाकिस्तानच्या पंजाबातून आणि मिरपूर भागातून माणसं आली. मिरपूरचे कित्येक जण मंगला धरणानं उठवलेले होते. धरणग्रस्तांनी जाऊन मरणाऱ्या गिरण्यांची रात्रपाळी सांभाळली. मग गिरण्याही गेल्या, माणसं राहिली. आज नेल्सनमध्ये त्यांची तिसरी-चौथी पिढी आहे. सीडहिलचं फुटबॉल मैदान एम-६५ या हमरस्त्यासाठी गेलं. माद्रिदला हरवणारे पाय जिथं धावले, तिथून आता मालमोटारी धावतात. क्लब मात्र मेला नाही. तो छोट्या प्रादेशिक लीगमध्ये, दुसऱ्या मैदानावर खेळत राहिला. आणि ज्याला त्याची जागा मिळाली, त्या चेस्टरच्या क्लबला २०१० मध्ये न्यायालयानं दिवाळखोरीत गुंडाळलं. तिथल्या चाहत्यांनी वर्गणी काढून नवा क्लब उभा केला. तळाच्या संघांना मतं मागायला लावणारी ती पद्धतही १९८७ मध्ये संपली. आता खाली जायचं ते खेळूनच.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठिंब्यानं. तेव्हापासून या गावाला लोक महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणत आले. हे नाव घेताना मँचेस्टरचं पुढं काय झालं, हे आपण विचारत नाही. गेल्या काही वर्षांत साधे माग भंगारात गेले. अब्बा ज्या कारखान्यात होते, तिथले मागही किलोच्या भावानं गेले. मी त्या दिवशी मुद्दाम गेलो होतो. हातोड्याचे घाव पडत होते. एका चौकटीवर अजून ती अक्षरं होती. मी भंगारवाल्याला म्हटलं, ''चाचा, एवढा तुकडा मला द्या.'' त्यानं तो वजनाला लावला आणि रीतसर पैसे घेतले. तुकडा माझ्या टेबलाखाली आहे. अब्बा नाहीत आता. असते तर सांगितलं असतं, की ते साहेबाचं नाव नव्हतं.

शेवटी एक विनंती करून थांबतो. नेल्सनच्या त्या हंगामाचा गुणतक्ता शंभर वर्षांनी माझ्यासारख्या परक्या माणसापर्यंत पोचला, कारण तिथं 'नेल्सन लीडर' सारखी गावची साप्ताहिकं सामन्यांच्या बातम्या छापत होती आणि कुणीतरी ती कात्रणं जपली. आपल्याकडं तालमीच्या भिंतीवर संघाचा फोटो असतो. त्यातल्या मागच्या रांगेतला तिसरा कोण, हे सांगणारा म्हातारा गेला की तो फोटो मुका होतो. तुमच्या पेठेतल्या, तालुक्यातल्या, गिरणीतल्या संघाचं कुठं काही असेल, एखादा जुना फोटो, वही, सामन्याची जाहिरात, तर ते रद्दीत घालू नका. फोटोच्या मागं पेन्सिलीनं नावं लिहून ठेवा. तारीख लिहा. कोण जिंकलं ते लिहा आणि हरला असाल तर तेही लिहा. मी सुरुवात केली आहे. अब्बांबरोबर पाहिलेले जेवढे सामने आठवतात, तेवढे एका वहीत उतरवले आहेत. कितीचा निकाल होता, ते काही ठिकाणी आठवत नाही. तिथं जागा मोकळी सोडली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)